बसल्या जागची नाडी

३ जुलै १९३४. अमरावती.

आज पुन्हा नाडी! विहिरीवरून घागर आणत होते, तर ओसरीवरून यांची हाक — "जरा इकडे ये, हात दे." घागर ओट्यावर टेकवली, हात पदराला पुसला आणि दिला. हे आरामखुर्चीत. घड्याळ मांडीवर. मी उभी, आत दूध चुलीवर.

"एकशे सहा," म्हणाले. आणि पोरांच्या पेपरात चूक सापडली की जीभ टाळूला लावून चक् करतात, तसं केलं.

मग प्राण्यांच्या नाड्या आणि आयुष्यं लिहिलेल्या भिंतीवरच्या तक्त्यात मला चढवलं. वरून खाली — कोंबडी, ससा, मांजर, मग मी, मग कुत्रा, शेळी, बैल, घोडा. कुत्र्याच्या वर आणि मांजरीच्या खाली! सासरी येऊन सोळा वर्षं झाली, माझी जागा आज लेखी ठरली.

स्वतःला त्यांनी बैलाच्या शेजारी लिहिलंय. बावन्न. फार अभिमान आहे त्या बावन्नचा.

दूध उतू गेलं ते गेलंच.

१० जुलै

कॉलेजात आलेल्या इंग्रजी मासिकातला लेख मला समजावून सांगितला. मी भाकरी थापत होते, हे दाराशी पाट घेऊन बसले होते. चालत स्वयंपाकघरापर्यंत आले हेच विशेष. कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतात, घरी मी एकटीच वर्ग.

"प्रत्येक प्राणी म्हणजे एक शेगडी. उंदीर लहान, त्याची ऊब चटकन निसटते. म्हणून भराभर जाळावं लागतं, हृदय धडधडत राहतं, तीन वर्षांत कारभार आटोपला. हत्ती सावकाश जाळतो, साठ-सत्तर वर्षं जगतो. पण वजनाच्या मानाने बघशील तर दोघांनी जन्मभरात जाळलं ते जवळजवळ सारखंच! कोटा ठरलेला. लवकर संपवा नाहीतर पुरवून वापरा."

मी म्हटलं, "म्हणजे कपाशीची वाळकी पऱ्हाटी आणि बाभळीचा ओंडका. पऱ्हाटी भडकन जळते, ओंडका दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसतो."

खूश झाले. "वर्गात हेच सांगतो!" — माझं नाव काही सांगायचे नाहीत.

"आणि मी?" विचारलं.

"तू? तू पऱ्हाटी." हसले. मीही हसले. भाकरी करपली.

११ जुलै

पाऊस नाही. उकाडा. हे खुर्चीतून हलले नाहीत.

१९ जुलै

मागच्या उन्हाळ्यापर्यंत असं नव्हतं. कॉलेजला पायी जायचे, रविवारी सांजच्याला माळावर फिरून यायचे, मला विहिरीवरून एखादी घागर आणून द्यायचे — शेजारच्या बायका पदराआड हसायच्या. आता टांगा. चार पायऱ्या चढायच्या तर मध्ये थांबतात. घागर तर सोडाच, दिव्याची काच पुसायलाही मी. विचारलं की एकच उत्तर — "उगाच जाळायचं कशाला?"

यांनी वाचवायचं आणि मी जाळायचं. बरी वाटणी आहे!

आज दूधवालीची शेळी आणवली होती पुन्हा मोजायला. तिला आधी दुपारभर कडुनिंबाखाली बांधली. पुढ्यात शेवरीचा पाला. मी म्हटलं, कशाला एवढे लाड? तर म्हणतात, "प्राणी आधी निवांत झाला पाहिजे. धावपळीतली नाडी खोटी असते. बसल्या जागची तीच खरी." शेळीला पाला नेऊन टाकला कोणी? मी. दोनदा पाणी पाजलं कोणी?

शेळी डोळे मिटून रवंथ करत होती. मला हेवा वाटला. खरंच वाटला.

२ ऑगस्ट

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. आज मी गणित केलं.

हे कॉलेजला गेल्यावर तक्त्यासमोर उभी राहिले. नाडी दुप्पट चालते तर आयुष्य निम्मं — तक्त्यात सरळ दिसतं, पाढे येणाऱ्या कुणालाही दिसेल. यांची बावन्न, माझी एकशे सहा. तीही काही एकाच दिवसाची नाही, तीन वेळा मोजली, एकदा तर एकशे बारा भरली होती. हे ऐंशी वर्षं जगणार असतील तर मी चाळीस. मला चौतीस पुरी झाली.

पाटीवर मांडलं, मग ओल्या फडक्यानं पुसलं.

अंगावर काटा आला असं नाही. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो — चला, सुटका आहे. दुसरा आला तो यांचा. यांना साधी पेज करता येत नाही. धोतर कुठल्या पेटीत असतं ते माहीत नाही. देवानं मूलही दिलं नाही की सून येईल.

मग रडले. माझ्यासाठी की यांच्यासाठी, कळलं नाही.

५ ऑगस्ट

आडून विचारलं — "माणसालाही लागतो का हो तो नियम?"

म्हणाले, "माणूस थोडा अपवाद आहे. वजनाच्या मानाने फार जगतो. पण माणसामाणसांत लागत असावा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लागावा असं मला वाटतं."

लागावा! कोणाला म्हणतात त्याचं भान नाही. संतापात वरणात मीठ दोनदा पडलं, मुकाट्यानं जेवले.

१४ ऑगस्ट

आज हसले. किती दिवसांनी!

पलीकडच्या घरी आयशाबी आहे, तिच्या मालकाचं कापडाचं दुकान. तिचा पोपट मोजायला हे गेले. टांग्याशिवाय दहा पावलं चालले, पोपटाचं नशीब! ठोके ऐकायची नळी लावायला गेले तर पोपटानं अंगठ्याचा लचका तोडला. आयशाबी तोंडाला पदर लावून — "मास्तरसाब, ये मेरी सास के जमाने का है. सास गई, ससुर गए, ये बैठाच है. लय बदमाश!"

यांनी विचारलं, नक्की वय किती? तर म्हणे, "अल्ला जाने. मी नवरी बनून आली तवा बी असाच शिव्या देत होता."

घरी येऊन हे घुश्शात. पक्ष्याचं अंग माणसापेक्षा गरम, हृदय कितीतरी पटींनी जलद, आणि तरी एवढं जगतो! नियमात बसत नाही म्हणे. "पक्षी वेगळे काढावे लागतील. वटवाघूळही. तेही उंदराएवढंच, पण पंधरा-वीस वर्षं जगतं म्हणतात."

मी अंगठ्याला हळद लावत म्हटलं, "मग तुमचा नियम राहिला कोणासाठी? माझ्यासाठी आणि सशासाठी?"

अंगठा बर्फासारखा गार होता, भर श्रावणात.

१० सप्टेंबर

काल पोळा झाला. बैलांना न्हाऊ-माखू घालून पुरणपोळी दिली. वर्षातून एक दिवस का होईना, त्यांच्या मानेवर जू नाही. पुरण मी वाटलं.

२१ सप्टेंबर

आज जिना उतरताना धाप लागली. खांबाला धरून उभी राहिले. छातीत पाखरू फडफडतंय असं वाटलं. वरच्या मजल्यावरून वाळवणाच्या दोन पाट्या उतरवल्या होत्या, पण आता असं काही झालं की तक्ताच दिसतो डोळ्यांपुढे.

मनात एक आलंय. लिहू की नको? लिहिते.

पातूरच्या मावशीची जयवंता. बावीस-तेवीसची असेल. लग्नानंतर वर्षभरात नवरा पटकीनं गेला, तेव्हापासून भावजयीच्या हाताखाली. शांत पोर आहे. आमच्या माळी जातीत विधवेचं दुसरं लग्न होतं, पाट लागतो, कोणी नावं ठेवत नाही. यांच्याशी तिचा पाट लावून दिला तर? माझ्या डोळ्यांदेखत. मी आहे तोवर तिला यांचं सगळं दाखवून ठेवता येईल — वरण किती पातळ लागतं, पाणी किती कढत, कुठल्या कुशीवर झोपलं की खोकला येतो. मी गेल्यावर कोण लावणार यांचा पाट? हे स्वतः? खुर्चीतून उठायचे नाहीत त्यासाठी.

बायका सवत येऊ नये म्हणून नवस करतात. मी शोधायला निघाले. वेड लागलंय का मला? असेल. पण थकव्यात माणसाला हेच शहाणपण वाटतं.

२४ सप्टेंबर

यांच्याजवळ विषय काढला. वाटलं होतं रागावतील. मनातून वाटत होतं, रागवावं. "काय बोलतेस हे" म्हणून एकदा तरी ओरडावं.

म्हणाले — "का असं वाटतं तुला?"

"तुमचाच नियम. मी किती दिवसांची?"

तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. शेवटी एवढंच — "पुढे बघू."

पुढे बघू! नाही म्हणायलाही जाळावं लागतं वाटतं. तिथंही काटकसर!

मावशीला निरोप पाठवला, दसरा झाला की जयवंताला पाठवून दे.

२० ऑक्टोबर

जयवंता आली. भाऊ सर्विस मोटारीनं अकोल्यापर्यंत आणि तिथून आगगाडीनं सोडायला आला होता, लगेच परतला. एक गाठोडं, त्यात दोन लुगडी आणि पातूरची सीताफळं. एकही फुटलेलं नव्हतं — कशी बसून आली असेल!

पाया पडली. मी तिला आत नेऊन सगळं सरळ सांगून टाकलं. लपवायचं कशाला? ती ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी तं चांगल्या धडधाकट दिसून राह्यल्या. काहून मरता तुमी?"

"आतून," म्हटलं. "नाडी फार जोरात आहे."

"मंग दवाखान्यात दाखवा नं."

"ह्यांनी मोजलं. तक्त्यात आहे."

तिला काय कळलं देव जाणे. खाली मान घालून सीताफळातल्या बिया वेगळ्या करत राहिली. "तुमी मनसान तसं," म्हणाली शेवटी.

२४ ऑक्टोबर

आज यांना मीच म्हटलं, जयवंताची मोजा. नको नको करत होते. मी हट्टाला पेटले.

पाहुणीच ती — तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं, विडा दिला. यांना कॉलेजातून यायला उशीर झाला तोवर ती तिथंच भिंतीला टेकून बसलेली. मग मोजली. सत्तर.

सत्तर! मी आत जाऊन उगाच डबे आवरत बसले. मी तिला आणली ती याचसाठी ना? सावकाश पोर, पुरून उरेल, यांना साथ देईल. मग सत्तर ऐकून वाईट का वाटलं?

पाट कार्तिकाच्या वद्यात लावायचा ठरवला. मी ठरवला. हे "पुढे बघू"च्या पलीकडे एक शब्द बोलले नाहीत. मावशीकडून होकार आला, लुगडं-चोळी मी अकोल्याहून आणीन असं कळवलं.

३१ ऑक्टोबर

हे आज सकाळी संडासातून येताना ओट्याशी बसले ते बसलेच. जयवंता धावली. चेहरा राखेसारखा. "पित्त," म्हणाले. "अंधारी आली जरा."

मी बोलून गेले — "दिवसरात्र बसून राहिलं की दुसरं काय होणार! हातपाय हलवा थोडे. शरीराला गंज चढतो."

जयवंतानं पाय चोळून दिले. "लय थंडे हायेत, ताई," म्हणाली. आता तिलाच सवय करून घ्यायची आहे, म्हणून मी उठले नाही.

९ नोव्हेंबर. अकोला.

भाऊबीज. बडनेऱ्याला गाडी बदलून काल आले. दादाचा मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा आहे, वांगी-मेथीची टोपली भरली की बाजारात. भगवंतराव म्हणतात सगळे त्याला आता, मला अजून भगवानदादाच.

वहिनीनं मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. "पाटावर बसा मुकाट्यानं. मायेरी आल्या का चाकरीले?" बसले. हात रिकामे असले की कुठे ठेवायचे तेच समजेना!

ओवाळलं. दादानं विचारलं, "काहून एवढी वाळली गं जमुना?" काही सांगितलं नाही. वहिनीला बाजारातून लुगडं-चोळी आणायला सांगितलंय, कोणासाठी ते तिला ठाऊक आहे. माझ्याशी त्यावरून नीट बोलत नाही.

१० नोव्हेंबर

झोपले. भरदुपारी! वहिनीनं उठवलं नाही.

१२ नोव्हेंबर

आज काय झालं ते लिहून ठेवते.

दुपारी मळ्यातल्या आंब्याखाली बाजेवर पडले होते. जाग आली, पण उठले नाही. कोणी हाक मारत नव्हतं. मोटेचं पाणी पाटातून जात होतं ते ऐकत पडले. दादाचं घड्याळ उशाशी होतं. सहज आपलं मनगट धरलं — सोळा वर्षं ह्यांच्याबरोबर काढली, एवढं तर येतं. मोजलं.

बहात्तर.

काटा बंद पडला असेल म्हणून कानाशी धरलं. चालू होता. पुन्हा मोजलं. एकाहत्तर! गळ्याची शीर धरून मोजली. तेच.

मग उठले. विहिरीवर गेले, वहिनी ओरडत असताना दोन घागरी शेंदल्या, मळ्याच्या टोकापर्यंत नेल्या, आणि उभ्या उभ्याच मनगट धरलं. एकशे आठ!

तिथंच बांधावर बसले. दादा धावत आला. त्याला सगळं सांगितलं — तक्ता, ससा, शेळी, चाळीस वर्षं, जयवंता, सगळं. आधी तो बघतच राहिला. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "येडी का खुळी तू? मोट ओढत्या बैलाची नाडी धरून राह्यला काय तो तुया नवरा? अन् तूबी मरायले तयार झाली!"

शेळीला कडुनिंबाखाली दुपारभर सावली! जयवंताला पाटावर बसवून विडा! आणि मला — घागर टेकव, हात दे. सोळा वर्षांत मी यांच्यापुढे बसलेली अशी कधी नव्हतेच. यांनी माझी नाडी मोजली नाही, माझं काम मोजलं.

हसू यावं की रडू? दोन्ही आलं.

१३ नोव्हेंबर

जगणार आहे मी. चांगली म्हातारी होणार, दात पडेपर्यंत. सकाळपासून हेच मनात. कालच्या मेथीच्या भाजीलासुद्धा चव होती.

पण लुगडं-चोळी आली. हिरवं, लाल काठाचं. वहिनीनं माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "आता हे कोनासाठी?"

काय सांगू? मावशीला शब्द दिलाय. भावजयीच्या घरातून ती पोर उठून आलीय. आता हिला काय म्हणू — बाई, मी मरत नाही, तू परत जा? आणि हे? "पुढे बघू" म्हणणारे — त्यांनी जर आता होच म्हटलं तर? मीच वाढून ठेवलेलं ताट. त्यांनी का उठावं त्याच्यावरून?

दादा म्हणाला, "आपल्या हातानं सवत आनाले निंघाली, आता निस्तर."

१७ नोव्हेंबर. अमरावती.

आले. पाय धुतले आणि सरळ ओसरीवर. खाली बसकर घातलं. म्हटलं, "आज माझी नाडी मोजा. पण आत्ता नाही. मी इथं बसणार. तुमची शेळी जितका वेळ बसली होती तितका वेळ. तोवर मला कोणी हाक मारायची नाही."

जयवंता दारात. मी डोळे मिटून भिंतीला टेकले. संध्याकाळचा चहा जयवंतानं केला.

मग मनगट पुढं केलं. मोजली. परत मोजली. घड्याळ खाली ठेवून दोन्ही हातांनी माझा हात धरला. कधी धरत नाहीत.

"सत्तर," म्हणाले. "माझी चूक. पहिल्या वर्षाच्या पोरानं करू नये अशी चूक." उठले — खांबाला धरून — आणि तक्त्यातली माझी ओळ खोडली. वळले तेव्हा डोळे भरलेले. "बरं झालं. फार बरं झालं. तू तरी..." आणि थांबले.

मी भांडायची तयारी करून आले होते. गाडीत शब्द जुळवून ठेवले होते. अर्धे बोललेही — "सशाला जी दया दाखवता ती बायकोला नाही! उभीच्या उभी मोजून मला मेलेली ठरवली!" ऐकून घेतलं सगळं.

"आणि पाटाचं काय? आठवड्यावर आलाय."

खुर्चीत बसले. डोळे मिटले. "पुढे बघू."

तांब्या आपटला मी. पोचा आला त्याला.

१८ नोव्हेंबर

जयवंताशी बोलले. ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"जयवंता, मी मरत नाही गं."

"आयकलं काल." शेंगा सोलतच राहिली. "चांगलं झालं, ताई. देवाची कृपा."

मला मुद्द्यावर येता येईना. तीच आली. तोंड वर करून सरळ — "म्हंजे मी आता कोठी जाऊ? तुमी बोलावली म्हून आली. वयनीनं माया खोलीत ढोराच्या कुटाराचे पोते रचले आसन आतापावतर. तुमी मरनार म्हून हो म्हनलं मी, माया मनानं नाई. पन हो म्हनल्यावर मनात घर बांधलं नं मी. पयल्या नवऱ्याचं तोंड बी नीट आठवत नाई मले. वाटलं, हे मानूस थंडं हाये, मारनार नाई, पुष्कळ जगंन. मी दुसऱ्यांदा रांडव नाई होनार."

तिच्यासमोर बसले आणि शेंगा सोलायला घेतल्या. तिचा राग खरा आहे. माझाही खरा आहे. ओसरीवर खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन्हींचं काही नाही, असं वाटून अंगाची आग झाली. उद्या सकाळी यांच्याकडून हो की नाही ते वदवून घेणार. मनगट धरून वदवून घेईन!

१९ नोव्हेंबर

धरलं. हे जागे व्हायच्या आधीच, अंथरुणात. आजवर यांची नाडी यांनीच मोजली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता.

एक ठोका. मग काहीच नाही. माझं बोट सरकलं असेल म्हणून दाबून धरलं. मग एक ठोका. बैलापेक्षाही फार खाली.

डोळे न उघडता म्हणाले, "मोजू नकोस. मागच्या उन्हाळ्यात नागपूरला डॉक्टरांनी सांगितलंय. हृदय थांबत चाललंय. चढायचं नाही, उचलायचं नाही."

"आणि तो नियम?"

"तो खरा असता तर मी शंभर वर्षं जगलो असतो. म्हणून शोधत होतो." थोडं हसले. "पाटाला नाही म्हटलं असतं तर माझं दुखणं तुला सांगावं लागलं असतं. हो म्हणवेना — त्या पोरीला पुन्हा विधवा करायला."

जयवंताला मी सांगितलं. पाट मोडला, तुला पातूरला पोचवते, तुझ्या वहिनीशी मी भांडीन. ती चुलीपुढं बसली होती. मग उठली आणि यांच्यासाठी ठेवलेलं कढत पाणी उतरवलं.

"एकलीच्यानं त्याईले उचलनं होनार नाई, ताई. लुगडं वापस करून टाका. मी राह्यतो."

ती यांच्या उजव्या बाजूला गेली, मी डाव्या.